गैबीसाबच्या मागावरचा पिकर

पुणे, ११ जानेवारी १९७६

अण्णा,

वैनीनं पाठवलेल्या कडक भाकऱ्या पोचल्या. एसटीत निम्म्या मोडल्या होत्या, तरी एक तुकडा वाया घालवला नाही. खोलीतल्या मुलींनी शेंगाचटणीबरोबर खाऊन बघितल्या आणि विचारलं, हा पापडाचा प्रकार का. मी म्हटलं, तुमच्या दातांची परीक्षा आहे.

गेल्या पत्रात तू विचारलंस, तू तितं दिवसभर करतेस तरी काय. भाकरीवरूनच सांगते. मी ज्या प्लास्टिकवर काम करते त्याचं नाव पॉलिएस्टर. टेरिलीनच्या शर्टात असतं तेच. त्याचा धागा काढला तर तुटता तुटत नाही, पण तेच वितळवून जाड वस्तू ओतली की कडक भाकरीसारखं वागतं. वजन पेलतं, पण कुठं एक बारीक चीर पडली की पुढच्या ठोक्याला आरपार जाते. म्हणून त्यात रबर मिसळायचं. रबराचे कण डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक हवेत आणि सगळीकडे सारखे पसरायला हवेत. मग धावत आलेली चीर त्या कणांपाशी अडते आणि ठोक्याचा जोर रबर जिरवून टाकतं. रबर कमी पडलं तर वस्तू फुटते, जास्त झालं तर मऊ पडते. शिवाय या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, त्यांना धरून ठेवायला तिसरं काहीतरी घालावं लागतं. वर्षभर मी हेच कालवते आहे. वैनीला सांग, नणंदेनं पीठ मळण्यात एम.एस्सी. केलं.

आता कामाचं. दिवाळीत तू कुरकुरत होतास की म्हशीच्या कातड्याचे चांगले पिकर आता मिळत नाहीत. ते माझ्या डोक्यात राहिलं. मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना समजावलं की मागाच्या काठीला पिकर बसवलेला असतो, तो दर खेपेला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा मारून पलीकडे पाठवतो, आणि दिवसभर मार खाऊन खाऊन फुटतो. साहेब म्हणाले, मग आपल्या मिश्रणाचा पिकर करून बघा. अण्णा, माझी नोकरी कायम करायची की नाही हे या पिकरवर ठरणार आहे. ऑगस्टपर्यंत मुदत आहे.

तेव्हा एवढं नीट कळव. मिनिटाला ठोके किती पडतात, कातडी पिकर किती दिवस टिकतो, मे महिन्यात शेडमध्ये किती उकडतं, आणि माग चालू असताना पिकरला तेल लागतं का.

गैबीसाब काकांची नजर अजून तशीच आहे का? सहा माग सोडून पलीकडचा तुटलेला धागा त्यांना दिसायचा. त्यांना माझा सलाम सांग.

तुझी रुद्राणी


सोलापूर, २० जानेवारी १९७६

तंगी रुद्राणी,

पत्र वाचून वैनी लई हसली. म्हणती, पीठ मळायला पुण्याला कशाला जायला पायजे होतं, मी हितंच शिकवलं असतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ठोके मिनिटाला सव्वाशे. कातडी पिकर पूर्वी तीन तीन महिने चालायचा, आता महिना दीड महिना. शेडमध्ये मे महिन्यात किती उकडतं ते विचारू नकोस, पत्रा तापला की आमी बनियनसुद्धा पिळून घालतो. तेलाचं म्हणशील तर न्हाय. पिकरला तेलाचा थेंब लावू देत न्हाय मी. टॉवेलाला डाग पडला की मालक डोक्यावर बसतो.

मालकाला विचारलं. फुकट मिळत असतील तर लावा म्हणाला. गैबीसाबला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, पैल्यांदा माझ्या मागावर लावायचे, पोरीचं काम दुसऱ्याकडं जाऊ द्यायचं न्हाय. तुला आठवत नसेल, अप्पा गेले तेव्हा मैंदर्गीवरनं मला सोलापूरला त्यानंच आणलं. मालकासमोर उभा करून म्हणाला, ह्याला जॉबर करतो, माझी जबाबदारी. माग दुरुस्त करायचं सगळं शिक्षण त्याच्या हाताखाली झालं. तू तवा पाच वर्षांची. त्याच्या खांद्यावर बसून बाजार हिंडायचीस.

घरात आपण कानडी बोलतो आन लिहायला बसलं की मराठीच येतं, धाकट्या बहिणीला तंगी म्हणायचं तेवढं कानडी उरतं, त्यामुळं पत्रात जरा परक्यासारखं वाटतं. पण तू समजून घे. तुझा अभिमान वाटतो, हे कानडीत काय आन मराठीत काय, तेवढंच खरं हाय.

तुझा अण्णा
चन्नप्पा


पुणे, २ मार्च १९७६

अण्णा,

आजच्या पार्सलानं बारा पिकर पाठवते आहे. हातात घेतलेस की कळेल, कातड्यापेक्षा हलके आहेत. आमच्याकडे लोखंडी हातोडा लोलकासारखा सोडून तुकडा फोडायची चाचणी असते. साधं पॉलिएस्टर पहिल्या फटक्याला दोन तुकडे. हे मिश्रण पाच पट मार खाऊन नुसतं वाकलं. साहेबांनी तीन वेळा करून बघितलं आणि माझ्याकडे न बघता 'बरं आहे' म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे हार घातल्यासारखं आहे.

भोक जरा लहान ठेवलं आहे. तुमच्या मागाच्या दांडीप्रमाणे ड्रिलनं मोठं करून घे. बाकी काही सांभाळायचं नाही. रोज किती तास चालला ते एका वहीत लिहीत जा.

आठ दिवस मला झोप कसली ती नाही. पिकर चालले तर मी तुझी बहीण, फुटले तरी तुझीच, पण तेव्हा तुझ्याकडे राहायला येईन.

रुद्राणी


सोलापूर, २८ मार्च १९७६

तंगी,

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. पार्सल वेळेवर आलं. पण नवा पिकर आला आन लगेच चढवला, असं आमच्यात करत न्हाईत. मी तुझ्या पिकरची सगळी सेवा करून मगच चढवले. कातडी पिकरला देतो तो सगळा मान दिला. काल सोमवार नव्हता, पण दिवस चांगला बगून गैबीसाबच्या मागावर दोन्ही बाजूला एक एक बसवला. नारळ फोडला. गैबीसाबनं हात लावून बगितला आन म्हणाला, गुळगुळीत हाय, पोरीच्या गालासारखा.

आवाज लई कमी. कातडी पिकर टाड टाड वाजतो, ह्यो डब डब वाजतो. शेजारचे मागवाले येऊन बगून गेले. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीनं केलाय.

वही घातलीया. रोज लिहितो.

चन्नप्पा


पुणे, २१ एप्रिल १९७६

अण्णा,

दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. बरा आहेस ना? वैनीची तब्येत? वहीतले आकडे पाठव, साहेब रोज विचारतात. फुटला असेल तर तेही लिही, त्यातूनही शिकायला मिळतं. न लिहिण्यातून काही कळत नाही.

रुद्राणी


सोलापूर, ३ मे १९७६

तंगी रुद्राणी,

आमी सगळे ठीक. सूत मिळंना म्हणून माग मधेमधे बंद असतात, त्यामुळं वही पुरी झाली न्हाय. पिकरचं तू जास्त मनावर घेऊ नकोस. नवीन गोष्टीला वेळ लागतोच की.

गैबीसाब जरा गावाकडं गेलाय. उन्हाचा त्रास होतोय त्याला. पुन्हा निवांत लिहीन.

चन्नप्पा


पुणे, १४ मे १९७६

अण्णा,

आज साहेबांनी बोलावून एक पत्र पुढे टाकलं. तुमच्या मालकाचं. 'आपल्या पिकरमुळे दिनांक ७ एप्रिल रोजी विणकर गैबीसाब यांच्या उजव्या डोळ्यास गंभीर इजा झाली आहे.' मी ते वाक्य तिथंच उभं राहून चार वेळा वाचलं.

महिना झाला. आणि तू मला लिहितोस, सूत मिळंना. गावाकडं गेलाय. उन्हाचा त्रास होतोय. अण्णा, तुला काय वाटलं, मी पुण्यात बसून आनंदात राहावं म्हणून तू गप्प राहिलास? मला लहान ठेवून तुला काय मिळतं? मला राग आला आहे आणि तो मी लिहून टाकते, कारण समोर असतास तर रडले असते आणि मग तू जिंकला असतास.

काकांचा डोळा कसा आहे ते आधी लिही. खरं लिही.

माझ्या हातून काय चुकलं ते मी शोधते आहे. पॉलिएस्टर वितळवण्याआधी कडकडीत वाळवावं लागतं, जरा ओल राहिली की ते आतून कमजोर होतं. त्या दिवशीचं भट्टीचं तापमान मी वहीत पाहिलं, बरोबर होतं. तरी माझा माझ्यावर विश्वास नाही. फुटलेले तुकडे असतील तर एकही न टाकता पाठव.

रुद्राणी


सोलापूर, २२ मे १९७६

तंगी,

शिव्या घातल्यास, बरं केलंस. खरं लिहितो.

पैले नऊ दिवस पिकर असा चालला की मी रोज घरी येऊन वैनीला तेच तेच सांगायचो. दहाव्या दिवशी गैबीसाब म्हणाला, डाव्या बाजूचा आवाज बदललाय रे. मी हात लावून बगितलं. भोकाजवळ जरा मऊ लागलं. मला वाटलं रबर हाय, मऊ असायचंच. माग बंद केला न्हाय. हे माझं पाप.

बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मी चार माग पलीकडं होतो. आधी खटका ऐकू आला, मग माग एकदम बंद. पिकर भोकापासून फाटला, अर्धाच ठोसा बसला आन धोटा वाट सोडून उडाला. त्याच्या टोकाला लोखंडाची अणी असते. गैबीसाब धागा जोडायला वाकला होता.

अणी थेट डोळ्यात बसली. डोळ्यावर टॉवेल धरून खाली बसला. नवा कोरा टॉवेल होता, त्यालाच धरला. दवाखान्यात डॉक्टरांनी आठ दिवस बगितलं आन मग डोळा काढावा लागला. उजवा. डाव्यानं दिसतं. आता घरी हाय, कुंभारीला, आमच्या दोन घरं पलीकडं. मी रोज जातो. त्याची बायको लालबी माझ्यापुढं चहा ठेवती आन काय बोलत न्हाय. गैबीसाब मात्र बोलतो. मला म्हणाला, पोरीला कळवू नकोस, तिची नोकरी पक्की होऊ दे. म्हणून लिहिलं न्हाय. आन माझी छाती बी झाली न्हाय.

मालक म्हणतो, विणकर चुकीच्या जागी उभा होता. गैबीसाब बत्तीस वर्षं त्याच जागी उभा हाय.

तुकडे सगळे गोळा करून फडक्यात बांधून पाठवतोय. न चढवलेले दहा बी पाठवतोय, ते मला डोळ्यासमोर नकोत.

चन्नप्पा


पुणे, ५ जून १९७६

अण्णा,

पार्सल सोडलं आणि गाठ सुटायच्या आधीच वास आला. तेलाचा. मला वाटलं फडकं तेलकट असेल. मग मोजमाप घेतलं. तू भोक मोठं केलंस तिथून तेल आत शिरलं आहे आणि रबराचे कण फुगले आहेत. कण फुगले की भोवतालचं पॉलिएस्टर त्यांना धरून ठेवू शकत नाही, आणि मग सगळं मिश्रण आतून सैल पडतं. न चढवलेल्या दहांचीही तीच गत. म्हणजे हे मागावर झालेलं नाही, आधीच झालं.

अण्णा, मी तुला जानेवारीत विचारलं होतं, पिकरला तेल लागतं का. तू लिहिलंस, थेंब लावू देत नाही. त्या एका ओळीवर विसंबून मी साधं रबर घेतलं. तेलाला दाद न देणारं रबर मिळतं, महाग असतं, परवानगी काढून आणावं लागतं, पण मी ते आणलं असतं. तू नाही म्हणालास म्हणून आणलं नाही. का असं लिहिलंस?

दुसरं सांगते. साहेबांना तुझं ते पत्र हवं आहे. म्हणाले, 'वापरणाऱ्यानंच लेखी कळवलंय ना, तेल नाही म्हणून? ते फाईलला लावा, आपण सुटलो आणि तुमचं ऑगस्टमधलं कामही झालं.' पत्र माझ्या ट्रंकेत आहे. अजून दिलेलं नाही. दहा जुलैला संचालकांपुढे बैठक आहे, तुमचे मालकही येणार आहेत.

माझं अकरा जानेवारीचं पत्र तुझ्याकडे असेल. तू माझी सगळी पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवतोस. ते पाठव. मी नक्की काय विचारलं होतं ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे.

रुद्राणी


सोलापूर, १२ जून १९७६

तंगी रुद्राणी,

तुझं पत्र वाचलं. आता मला सगळं समजलं.

ऐक. कातडी पिकर नवा आला की आमी तो पंधरा दिवस तेलात मुरवतो. पत्र्याच्या डब्यात निम्मं करडीचं तेल, निम्मं मागाचं पातळ तेल, वरनं झाकण, कोपऱ्यात ठेवून द्यायचा. मग काढून दोन दिवस टांगायचा, पुसून घ्यायचा. तवा कुटं तो मागावर चढतो. न मुरवता चढवला तर कातडं आठ दिवसांत तडकतं. हे मला गैबीसाबनं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादनं. सोलापुरात कुठल्याबी शेडमध्ये जा, कोपऱ्यात तो डबा दिसणार. चुलीवर भाकरी टाकायच्या आधी तवा तापवतो, ते कोण कुणाला सांगतं का? तसं हाय ते. तू तेलाचं विचारलंस तवा माझ्या डोळ्यापुढं चालता माग होता. डबा आठवलासुद्धा न्हाय.

आन तुझे पिकर आले तवा मी जास्तच काळजी घेतली. बहिणीचे हायत, कमी पडायला नको, म्हणून भोकं मोठी करून सतरा दिवस मुरवले. दोन दिवस जास्त. आता काय बोलू.

साहेबांना माझं पत्र दे. खुशाल दे. अक्षर माझं, सही माझी. जॉबरनं चुकीचं लिहिलं, जॉबरनं तेलात बुडवलं, असं लिहून टाक आन नोकरी पक्की करून घे. मालक मला काढंल तर काढू दे. हात शाबूत हायत, जॉबरला काम कुटंबी मिळतं. गैबीसाबचं मी बगून घेईन.

तुझं जानेवारीतलं पत्र मात्र मिळणार न्हाय. डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं, उंदरांनी कागद कुरतडले. त्यात ते पण गेलं. त्याची आता गरज बी न्हाय.

चन्नप्पा


पुणे, २५ जून १९७६

अण्णा,

उंदरांनी नेमकं तेवढंच पत्र खाल्लं का? बाकीची आवडली नाहीत?

मी कामाचं कुठलंही पत्र लिहायच्या आधी कच्च्या वहीत खरडते. ही सवय तुला माहीत नाही. काल ती वही काढली. अकरा जानेवारी. माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'माग चालू असताना पिकरला तेल लागतं का.' माग चालू असताना. तीन शब्दांत मी माझा प्रश्नच कापून टाकला होता. तू त्याचं उत्तर खरं दिलंस. चालत्या मागावर पिकरला तेलाचा थेंब लागत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. आणि का विचारते ते मी एका ओळीनं लिहिलं असतं, की या रबराचं तेलाशी वैर आहे, तर तू त्या डब्याकडे फिरकला नसतास. लिहिलं नाही. जॉबरला रसायनातलं काय कळणार, असं मला वाटलं असणार. मी स्वतःला हे विचारून बघितलं आणि उत्तर आलं, हो, असंच वाटलं होतं. ज्यानं माझी फी भरायला दोन पाळ्या केल्या त्याच्याबद्दल.

तुला हे सगळं माहीत आहे. तू डबा उघडलास, माझं पत्र वाचलंस, ते तीन शब्द पाहिलेस आणि उंदीर आणलेस.

मी साहेबांना वही दाखवली. त्यांनी पान उलटून परत दिली. म्हणाले, 'कच्च्या वहीत काय, आजही लिहिता येतं. टपालानं गेलेलं पत्र आणा. नाहीतर त्यांचं उत्तर तेवढं फाईलला लागेल.' तुझं पत्र त्यांनी लेखी हुकूम काढून माझ्याकडून घेतलं. मी नाही म्हणू शकले नाही. तेव्हा आता फाईलमध्ये उत्तर आहे आणि प्रश्न नाही.

आणि फाईलमध्ये अजून एक कागद मी पाहिला, तुमच्या मालकाचा. 'चूक कारखान्यातील ठरल्यास जॉबर व विणकर दोघांनाही कमी करण्यात येईल व उपचाराचा भार कारखाना घेणार नाही.' दोघांनाही. हे तुला ठाऊक आहे, तुझ्या तोंडावर सांगितलं असणार. मला लिहिलंस फक्त स्वतःचं. तुझे हात शाबूत आहेत, अण्णा. एका डोळ्याच्या विणकराला सोलापुरात कोण माग देणार? मला वाचवायला तू स्वतःला पुढे केलंस ते समजलं. पण तुझ्या मागे गैबीसाब काका उभे आहेत, आणि ते न विचारता ओढले जातायत.

पत्र पाठवलंस तर माझं काय होईल तेही सांगते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, ऑगस्टनंतर इथं जागा नाही. मला ते चालेल असं मी लिहिणार नाही. मला ही नोकरी हवी आहे. नव्या रबराचं मिश्रण मी केलंय, तुझ्या मापानं करडीचं आणि मागाचं तेल घेऊन त्यात बुडवून ठेवलंय, आठ दिवस झाले, अजून फुगलेलं नाही. ते पुढे कुणाच्या तरी हातात जाईल याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण आपण केलेल्या प्रश्नाचं ओझं मी काकांच्या राहिलेल्या डोळ्यावर ठेवून पगार घेऊ शकणार नाही.

दहा जुलैच्या आत पोचेल असं टाक. रजिस्टरनं.

रुद्राणी


सोलापूर, ३ जुलै १९७६

तंगी,

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो. वैनीला दाखवलं न्हाय. एकदा वाटलं खरंच फाडून टाकावं, मग तुला काय करता येणार? डबा काढला, झाकण लावलं, परत काढला. मी तुला पाच वर्षांची असल्यापासून सांभाळली ती ह्यासाठी न्हाय की माझ्या हातानं तुझी नोकरी घालवावी. असं मनात आलं. आन मग गैबीसाबची गाठ पडली की त्याच्या त्या बाजूला उभं राहवंना.

आज दुपारी त्याच्या घरी गेलो आन सगळं सांगून टाकलं. पिकर का फुटला, तेल, तुझा प्रश्न, माझं उत्तर, उंदीर, मालक काय म्हणाला, तुझं ऑगस्ट. आडपडदा ठेवला न्हाय. मला वाटलं तो शिव्या देईल. तो म्हणाला, मुरवायचं तुला मीच शिकवलं की रे. लालबी दारात उभी होती. ती त्या दिवसापासून पैल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, पोरीची नोकरी जाणार आन माझ्या घरात चूल पेटणार, हे मला गोड लागायचं न्हाय. पण पाठव. खरं हाय ते पाठव.

गैबीसाब म्हणाला, जाण्याआधी वाचून दाखव, काय लिहिलं होतं पोरीनं. त्याला वाचता येत न्हाय, तुला ठाऊक हाय. मी वाचलं. कडक भाकरीचं वाचलं तवा हसला. रबराचं वाचलं तवा मान हलवत होता, ठोका जिरवून टाकतं म्हणजे कसं ते त्यानं मला हातानं करून दाखवलं. तेलाची ओळ आली ती पण वाचली. त्याच्या खालची ओळ आली आन मी थांबलो. तीच ओळ वाचून मी डबा बंद केला होता, तुझ्या त्या तीन शब्दांपेक्षा जास्त तिच्यामुळं. मी कागदाची घडी घालायला लागलो तर म्हणाला, संपलं न्हाय, तुझा आवाज मधेच थांबला. वाच.

मग वाचलं. गैबीसाब काकांची नजर अजून तशीच आहे का.

तुझं पत्र ह्याच पाकिटात हाय. कुटंबी कुरतडलेलं न्हाय. नव्या रबराचा पिकर कुणाच्या का नावानं येईना, त्याच्यासोबत तू ये. नोकरी असो नसो. हितं पंधरा दिवस राहा, डबा बग, शेडमध्ये फिर, मग काय विचारायचं ते विचार.

ती ओळ ऐकल्यावर गैबीसाब काय म्हणाला ते लिहायचं राहिलं. त्यानं उजव्या बाजूची पट्टी जरा सारखी केली आन म्हणाला, 'तिनं विचारलंय तर उत्तर द्यायला पायजे. लिही, एक हाय अजून. त्यानं दिसतंय.'

लिहिलं.

तुझा अण्णा
चन्नप्पा